बिनगॅसची तार घ्यावी की गॅसवाली?



या खेपेला पीकपाण्याचं काही नाही, वेल्डिंगचं लिहितोय. मागं ट्रॉलीच्या फाळक्याचा फोटो टाकला होता, तेव्हा तीन-चार जणांनी विचारलं की घरच्या मशीनला तार कुठली घ्यावी. एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण त्या फाळक्याचं एक प्रकरण आहे. ते न सांगता नुसतं तारेचं सांगितलं तर मलाच बरं वाटणार नाही.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. रॉडचं वेल्डिंग आपल्या सगळ्यांना माहीत आहे. होल्डरमध्ये रॉड धरायचा, टेकवायचा, रॉड संपला की दुसरा. तारेच्या मशीनमध्ये रॉडऐवजी रीळ असते. गनचा खटका दाबला की तार आपोआप पुढं येत राहते आणि वितळत जाते. हात बसायला सोपं आहे. रॉड शिकायला मला दोन हंगाम लागले, हे चार दिवसांत जमलं. म्हणजे जमलं असं वाटलं.

आता तारा दोन जातीच्या. एक भरीव तार, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. ती वितळताना हवा लागता कामा नये म्हणून गनमधून कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो, म्हणजे सिलिंडर आला. दुसरी पोकळ तार, नळीसारखी, आत पावडर भरलेली. त्या पावडरीचाच जळताना धूर होतो आणि तो धूर हवेला बाजूला ठेवतो. वर स्लॅगची साल पण धरते, रॉडसारखीच. तिला सिलिंडर लागत नाही. दुकानदार भरीव तारेला मिग वायर म्हणतात आणि पोकळ तारेला फ्लक्स वायर किंवा गॅसलेस. मी गॅसवाली आणि बिनगॅसची म्हणतो.

मी मशीन घेतलं तेव्हा गावातल्या मिस्त्रींना विचारलं होतं. तीस वर्षं खिडक्या-दरवाजे करणारा माणूस. ते म्हणाले, "नाना, गॅसवालीच घ्या. काम बघा कसं येतं, साल काढायला नको, घासायला नको." त्यांच्या शेडमध्ये बघितलं तर खरंच तसं होतं. लाईन अशी की रंगाऱ्याला पुट्टी लागू नये. सिन्नरच्या एमआयडीसीतून सिलिंडर आणला, डिपॉझिट भरलं, भरीव ०.८ मिलिमीटरची रीळ चढवली. मिस्त्रींचं चुकलं नव्हतं. त्यांचं काम तीन बाजूंनी भिंत असलेल्या शेडमध्ये चालतं, हे मी ध्यानात घेतलं नाही.

आमची वस्ती माळावर आहे. अक्षय्य तृतीया झाली की वारं सुटतं ते पोळ्यापर्यंत. आषाढात तर दोरीवरचं धोतर गुंडाळून वर जातं. तीन वर्षांपूर्वी त्याच आषाढात ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची डावी बिजागरी उचकटली. कांदा चाळीतून काढायला महिनाभर अवकाश होता. म्हटलं, मिस्त्रींकडं ट्रॉली न्यायची कशाला, मशीन आहे घरात. ट्रॉली शेडमध्ये मावत नाही, म्हणून अंगणातच उभी केली, सिलिंडर बाहेर ओढला आणि जोडायला बसलो.

पहिली लाईन मारली आणि काच वर करून बघितलं तर अनारसा. सगळी जाळीच जाळी. वारं गॅस उडवून नेत होतं हे मला तेव्हाही कळलं, अगदीच अडाणी नव्हतो. पण मी काय केलं, तर गॅसचा फ्लो वाढवला. बारा लिटर चालतो तिथं पंचवीसवर नेला. त्यानं आणखी बिघडतं, कारण गॅस जोरात सुटला की तो भोवरा करतो आणि बाहेरची हवा आत ओढून घेतो. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एका बाजूला पत्रा लावला, दुसऱ्या बाजूला पोतं धरलं आणि वर दुसरा थर दिला. तो थर जरा बरा दिसला. खालची जाळी तशीच होती, मी ती फक्त झाकली होती.

मग ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलं. वर रेड ऑक्साइड मारलं. रंग वाळल्यावर इतकं छान दिसत होतं की मी मुद्दाम शेजाऱ्याला दाखवलं.

श्रावणात कांदा काढला. चाळीतून निवडून, गोल्टी बाजूला करून, पाट्यांनी ट्रॉली भरणं चाललं होतं. ट्रॉली पाऊण भरली असेल. आमच्याकडं दरवर्षी येणारी मावशी मागच्या बाजूला उभी राहून वरच्या पोराला पाटी देत होती. डावी बिजागरी तुटली, फाळक्याचा खालचा कोपरा बाहेर आला, आणि मागून कांद्याचा लोंढा. कोपरा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. सिन्नरला नेलं, प्लास्टर झालं, सहा आठवडे. खर्च मी केला, रोजही दिला. ते करायलाच पाहिजे होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण दवाखान्यातून परत येताना जीपमध्ये ती म्हणाली, "दादा, तुमचं काम पक्कं असतं म्हणून मी तिथं उभी होते." रागानं नाही म्हणाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुटलेला जोड हातात घेऊन बघितला. आतून मधाच्या पोळ्यासारखा. रंगाच्या खाली, ग्राइंडरच्या गुळगुळीत पापुद्र्याखाली निम्म्याहून जास्त भोकंच होती. तो तुकडा घेऊन मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी उन्हाला धरून बघितला आणि म्हणाले, "अंगणात केलं व्हय? वारं काय कुणाच्या बापाचं ऐकतंय?" मग म्हणाले, "आणि हे घासलं कशाला? भोकं दिसत होती ना तुम्हाला?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यानंतर बिनगॅसची तार आणली. एक किलोची छोटी रीळ. आणि इथं दुसरी चूक केली. ती बहुतेक जण करतात म्हणून नीट सांगतो.

गॅसवाल्या तारेला गन प्लसला असते आणि अर्थचा चिमटा मायनसला. बिनगॅसच्या तारेला उलटं, गन मायनसला आणि चिमटा प्लसला. मशीन बहुतेक वेळा गॅसवाल्या जोडणीवर आलेलं असतं. रीळ बदलली म्हणजे झालं असं वाटतं, पण जोडणी पण बदलावी लागते. काही मशीनला पुढं एक आखूड वायर असते, ती प्लसमधून काढून मायनसमध्ये खोचायची. काहींना रिळाच्या झाकणाआड दोन नट असतात. मी काहीच बदललं नाही. ठिणग्यांचा असा मारा झाला की शर्टाला भोकं पडली, गनचं तोंड भरून गेलं. मी समजलो बिनगॅसची तार अशीच असते.

पण या वेळी मी थेट ट्रॉलीला हात लावला नाही. फाळक्यासारख्याच सहा मिलिमीटरच्या पट्टीचे दोन भंगार तुकडे जोडले, वाइसमध्ये धरले आणि घणानं ठोकले. दुसऱ्याच घणाला तुटले. तुटलेल्या जागी एका तुकड्यावर मी आधी मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसत होत्या. म्हणजे त्या बाजूचं लोखंड वितळलंच नव्हतं, तार नुसती वर चिकटली होती. गोंदासारखी. वरून लाईन बघितली असती तर वाईट नव्हती हो.

जोडणी उलटी केली. तोच तुकडा, तीच तार. आवाजच बदलला, तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा चर्र. ठिणग्या निम्म्यावर आल्या. घणानं पट्टी वाकली, काटकोनात वाकली, जोड सुटला नाही. तेव्हापासून नियम केलाय, रीळ बदलली की आधी दोन भंगार तुकडे जोडायचे आणि ठोकून बघायचे. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडं घण नसेल तर नांगराखाली धरून वाकवा, पण वाकवून बघा.

आता दोन्ही तारा माझ्याकडं आहेत, तर कुठं कुठली, ते सांगतो.

वावरात, अंगणात, ट्रॉलीखाली, कांदा चाळीच्या अँगलला, गेटला बिनगॅसची. वाऱ्यात ती टिकते. सोसाट्याचंच असेल तर आडोसा करावा लागतो, पण आपलं रोजचं माळावरचं वारं तिला चालतं. तीन मिलिमीटरपासून सहापर्यंतच्या जाड मालाला पकड चांगली बसते. थोडा गंज राहिला तरी ती सांभाळून घेते. म्हणून गंजावर मारायचं असं नाही, घासायचं ते घासायचंच. पण शेतातलं लोखंड कधी शेडमधल्यासारखं लखलखीत होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तिचा तोटा म्हणजे धूर भरपूर, आणि प्रत्येक लाईननंतर हातोडीनं साल काढून ब्रश मारावा लागतो. साल न काढता दुसरा थर दिला तर ती आत अडकते आणि जोड कच्चा राहतो. गन ओढत न्यायची, ढकलायची नाही. गनची टिप जोडापासून थोडी लांब धरायची, पंधरा-वीस मिलिमीटर. गॅसवालीला दहा मिलिमीटर पुरतं.

पातळ पत्र्याला मात्र बिनगॅसची नको. गाईंच्या गव्हाणीचा एक मिलिमीटरचा पत्रा मी तिनं जोडायला गेलो. जोड राहिला बाजूला, चाळणी झाली. एक भोक बुजवायला गेलो की शेजारी दुसरं. तिथं गॅसवाली. करंट कमी करून, शेडमध्ये, दरवाजा ओढून घेऊन, टाके टाके मारत. गव्हाण, फवारणीच्या टाकीचं स्टँड, पातळ चौकोनी पाईपचं काम, मुलीच्या सायकलचं कॅरिअर, सगळं गॅसवालीनं. दरवाजा ओढला तरी वरची खिडकी उघडी ठेवा, गॅस आणि धूर कुठंतरी गेला पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर किलोचा भाव बघून फसू नका. बिनगॅसची छोटी रीळ किलोमागं महाग पडते, भरीव तारेची पंधरा किलोची रीळ घेतली तर किलोला खूप स्वस्त. पण भरीव तारेवर सिलिंडरचं डिपॉझिट, रिफिल, रेग्युलेटर, आणायला-न्यायला गाडी. वर्षात दहा-बारा वेळा मशीन काढणाऱ्या शेतकऱ्याला सिलिंडर परवडत नाही असं माझं मत आहे. मी ठेवलाय तो गव्हाणीच्या कामासाठी म्हणून आणला होता आणि आता परत करायचा जीव होत नाही, इतकंच.

एक बारीक गोष्ट. बिनगॅसची तार पोकळ असते, त्यामुळं ती ओढणारं चाक जास्त आवळलं तर ती चपटी होते आणि आत अडकते. तिला दातेरी चाक लागतं. भरीव तारेला साधं खाचेचं. मशीनबरोबर बहुतेक दोन्ही येतात, ती प्लास्टिकची पुडी फेकू नका. मी फेकली होती, उकिरड्यातून शोधून काढली. आणि पावसाळ्यात रीळ मशीनवर ठेवायची नाही. ओल धरली की पावडर खराब होते आणि वारं नसतानाही जाळी पडते. मी काढून जाड पिशवीत बांधून धान्याच्या जुन्या कोठीत ठेवतो. घरच्यांना ते आवडत नाही.

विजेचं पण बघावं लागतं. आमच्याकडं संध्याकाळी होल्टेज १८०च्या खाली जातं. तेव्हा लाईन दिसायला बरी येते पण पकड घेत नाही. जाड काम मी सकाळीच करतो.

यावर कुणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर रॉडच काय वाईट? काही वाईट नाही. जाड लोखंड, गंजकं, वाऱ्यातलं, त्याला रॉड आजही चांगला. ज्याचा हात रॉडवर बसलाय त्यानं फक्त नवं आलं म्हणून मशीन घेऊ नये. माझा नीट बसला नव्हता म्हणून मी तारेकडं वळलो.

काही कामं मात्र मी कुठल्याच तारेनं करत नाही. रोटाव्हेटरचं पातं तुटलं की नवं. ते कडक केलेलं पोलाद असतं, जोडलं तर जोडाच्या शेजारी तुटतं आणि फिरताना तुटलं तर कुठं जाईल सांगता येत नाही. कल्टीव्हेटरच्या स्प्रिंगचं तेच. ट्रॉलीचा हूक आणि दांडी मिस्त्रींकडं जाते. त्यांचं मशीन मोठं आहे, ते आधी कडा तासून खाच करतात, थरावर थर देतात. भरल्या ट्रॉलीचा हूक रस्त्यावर तुटला तर मागं मोटारसायकलवर कोण असेल, ते आपल्याला माहीत नसतं. डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी वेल्डिंगला घ्यायचा नाही. जीआय पाईपवर जस्ताचा मुलामा असतो, तो घासून काढल्याशिवाय जोडला तर त्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. मला एकदा आला, डॉक्टरला मलेरिया वाटला.

आणि अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर आधी बॅटरीची मायनसची वायर काढा. अर्थचा चिमटा जोडाच्या जवळ, घासलेल्या जागी लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते. हे रोटाव्हेटरवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवा.

फाळक्याच्या दोन्ही बिजागऱ्या मी नव्या घातल्या. बिनगॅसच्या तारेनं, सकाळी सात वाजता, वारं पडलेलं असताना. आधी लखलखीत घासून, दोन्ही बाजूंनी. वर ग्राइंडर फिरवला नाही, रंगही पातळ मारला, लाईन दिसेल असा. दिसायला ओबडधोबड आहे. फोटोखाली एकानं लिहिलं होतं की फिनिशिंग नाही. मुद्दामच नाही.

मावशी पुढचे दोन हंगाम आली नाही. हात थंडीत दुखतो म्हणून निरोप यायचा. या वर्षी आली. ट्रॉली लावली तेव्हा ती मागं गेली, वाकून बिजागरीकडं बघितलं आणि विचारलं, "दादा, हे तुम्ही जोडलं का मिस्त्रीनं?" म्हटलं, मीच. ती काही बोलली नाही. पाटी उचलली आणि ट्रॉलीच्या बाजूनं द्यायला लागली. मी पण पोराला सांगितलं, बाजूनंच घे.

कुणाला दोन्ही तारा हातात घेऊन बघायच्या असतील तर या वस्तीवर. येताना तुमच्याकडचे भंगार पट्टीचे दोन तुकडे आणा, जोडू आणि ठोकून बघू. संध्याकाळी येऊ नका, होल्टेज नसतं.